कोरे कापड आणि पाणी

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे झाली. ब्रिस्टलला मुलाच्या घरी बसून आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितो आहे. विषय कापडाचा आहे. इथे तो दुसऱ्या कोणाला समजणार नाही.

शेजारी एक चिनी बाई राहतात, डोंग जमातीच्या. त्यांनी मला फोटो दाखवले होते: म्याव जमातीच्या बायकांचे चुण्यांचे घागरे, डोक्यावर चांदीचे मुकुट, आणि त्यांच्या स्वतःच्या लोकांचे काळेनिळे, तांब्यासारखे चकाकणारे कापड. त्यावर पुन्हापुन्हा नीळ चढवतात, अंड्याचा पांढरा बलक लावतात, मोगरीने ठोकतात. आईने केलेला असा एक तुकडा त्यांनी तीस वर्षे पेटीत जपला होता. आता मुलीचे लग्न ठरले. त्याचे जाकीट मी शिवावे, अशी त्यांची इच्छा. मी मान ताठ करून होकार दिला.

आपल्या शिंप्याच्या दुकानाच्या दाराशी कोरे कापड भिजवायची बादली असे. लहानपणी एकदा मी कोरा मांजरपाट न भिजवता तसाच बेतला आणि पहिल्याच धुण्यात शाळामास्तरांचा लेंगा पोटरीवर चढला. तुम्ही भर गिऱ्हाइकांत म्हणालात, "मास्तरांना पुन्हा पहिलीत घातलंस की रे! कोरं कापड आधी बुडव, मग कात्री. आणि टेप गळ्यात घालण्याआधी गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐक."

बाई तुकडा घेऊन आल्या तेव्हा तो आधी भिजवायचा, असे मी सांगितले. "बाबा, त्या म्हणतायत नो वॉटर," सून म्हणाली. "शाइन निघून जाईल." बाईंनीही हात हलवला, "नो वॉटर, मिस्टर." मी उत्तरलो, "सूनबाई, शिंप्याला कापड शिकवू नये."

त्या गेल्यावर मी टबात पाणी सोडतो, तुकडा बुडवतो. पाणी निळे होत जाते, मग काळे. बाहेर काढतो तेव्हा हातात ओले घोंगडे असावे तसे काहीतरी असते. मी इस्त्री फिरवली. अंडी फोडली. सुनेच्या लाटण्याने ठोकत राहिलो. शेवटी तिने माझे मनगट धरले. "बाबा, पुरे आता."

बाई परत आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. त्यांनी कापड नाकाशी नेले, बराच वेळ तसेच धरले आणि एवढेच विचारले, "व्हाय?"

मी म्हणालो, "माय फादर टीच."

हे पत्र टाकण्यासारखी पेटी कोठे नाही. असती तरी मी ते टाकले नसते. तुमचा दुसरा, गिऱ्हाइकाचे ऐकण्याचा नियम मी त्यांना सांगितला नाही, अण्णा.