गुणगुण्याला नेलं तेव्हा

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. 'तू मजेत असशील' असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची सवय आहे, पण आज हात धजत नाही. तुझं पत्र काल दुधाच्या गाडीवाल्याने आणून दिलं. फोन करायचा तर मला टेकडीवर चढावं लागतं, आणि तू लिहिलंस ते वाऱ्यात उभं राहून ओरडून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

वाचून सुन्न झाले. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली आणि तुझी मुलगी वसतिगृहातून निघून जाते. मागे निरोप काय, तर 'मी ठीक आहे, मला शोधू नका.' तू विचारलंस, छोटे, तुझ्याजवळ कधी काही बोलली होती का? अगं, माझ्याकडे सुट्टीत यायची ती शेळ्यांच्या मागे हिंडायला. मी दिवसभर चुलीशी नाहीतर वाफ्यात. माझ्याजवळ बसून मनातलं सांगायला कुणाला सवड, आणि ऐकायला मला तरी कुठे?

इकडचं लिहिते, तेवढंच तुझं मन दुसरीकडे जाईल.

बटाटे काढून झाले. कंबर मोडली, पण माल चांगला निघाला. काळी शेळी व्याली. पिल्लू आडवं होतं, तेव्हा थोरलीने कोपरापर्यंत हात घालून ते वळवलं आणि ओढून काढलं. मग हात धुऊन आत आली आणि गर्भाशयाचं चित्र काढायला बसली. मी म्हटलं, आधी खाऊन घे. तर म्हणाली, "आई, विसरायच्या आत काढू दे." तिच्या पाठच्याचं, आमच्या वकिलाचं, वाद घालणं चालूच आहे. पाण्याचा पंप बिघडला, तर पठ्ठ्याने हमीपत्रातली बारीक अक्षरं भिंग लावून वाचली आणि टेकडीवर जाऊन कंपनीशी इतका भांडला की त्यांनी नवा पंप पाठवला. जुळ्यांनी तळ्याची खोली मोजायचं काढलंय. दोघी सारख्या भिजतात आणि सारख्या शिंकतात. शेंडेफळाला अजून सगळी अक्षरं कोंबडीसारखीच दिसतात.

मुलांची शाळा आपली तीच, घरातली, दूध काढून झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. टेबल पुरत नाही आता. यांनी जुन्या दाराची फळी जोडून ते लांब केलंय. कोपर लागतं म्हणून होणारी भांडणं तेवढी कमी झाली.

आणि तू प्रत्येक पत्रात विचारतेस तसं याही पत्रात विचारलंस, 'गुणगुण्या कसा आहे?' बरा आहे. जेवतो, सांगितलेलं काम करतो. त्या निवासी शाळेतून परत आल्यापासून गुणगुणत नाही, इतकंच. नाव आपलं उगीच राहिलंय. मुलं मोठी होतात तशी बदलतात, असं तूच म्हणाली होतीस ना.

स्वतःला जप. तुझ्यासारख्या मुख्याध्यापिकेने, शेकडो मुलं सांभाळणाऱ्या बाईने, असं खचून कसं चालेल? लेक कुठेतरी सुखरूप असेलच. तिला कुणी आसरा दिला असेल, तर त्या माणसाचं मात्र नवल वाटतं. कोणाचं काळीज होतं गं असं करायला?

तुझीच,
छोटी


२७ नोव्हेंबर

ताई,

तुझी लेक माझ्याकडे आहे.

आधी हे वाचून घे, पाणी पी, मग पुढचं वाच. ती धडधाकट आहे. बटाटे काढायला सुरुवात केली त्या आठवड्यात दुधाच्या गाडीतून उतरली, हातात एकच पिशवी. मागचं पत्र मी तुला लिहीत होते तेव्हा ती माझ्यासमोर बसून लसूण निवडत होती. टेबलाला फळी जोडली ती तिच्यासाठीच.

'आईला कळवू नकोस,' असं तिने आल्या आल्या बजावलं. पण तिच्या शब्दाआड मी लपणार नाही. तिने बजावलं नसतं तरी मी तुला कळवलं नसतं.

काल तुझं दुसरं पत्र आलं. तू रजा टाकलीस, पोलीस चौकीत जाऊन बसलीस, तिच्या मैत्रिणींची दारं ठोठावलीस. अन्न जात नाही म्हणतेस. शेवटी लिहिलंस, 'छोटे, तुझ्याशिवाय मला कोणी उरलं नाही.' ते वाक्य मी परत परत वाचलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप दिवसांनी भाकरीचा घास गोड लागला.

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुरे कर आता. आई आहे ती."

मी म्हटलं, "मग मी कोण होते?"

ते उठून गोठ्यात गेले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण मला काय माहीत आहे ते तुला माहीत नाही.

मुलं घरीच शिकतात म्हणून तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले, बरोबर एक बाई होत्या. आम्ही त्यांना टेबलापाशी बसवलं. थोरलीने उत्तरं दिली, वकिलाने उत्तरं देऊन वर चार प्रश्न विचारले, जुळ्यांनी फळ्यावर गणितं करून दाखवली. बाई हसायला लागल्या होत्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता मधल्याला बोलवा. नऊ वर्षांचा आहे आणि अजून वाचता येत नाही, असं आमच्या कानावर आलंय. तुम्ही म्हणे त्याच्याकडून पाठ करून घेता आणि वाचतो असं भासवता."

ताई, हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. ते मी फक्त तुला सांगितलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघी मटार सोलत होतो. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे जागची हलतात, तो लाजतो, म्हणून मी त्याला धडा आधी वाचून दाखवते आणि तो ऐकून म्हणतो, एवढंच मी बोलले. तू शिकलेली, चाळीस वर्गांतली मुलं पाहिलेली. एखादा उपाय सांगशील म्हणून तुझ्याशी बोलले. तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, "येईल गं. काळजी नको करू. कुणाला सांगू मात्र नकोस."

साहेबांनी त्याच्यापुढे पुस्तक धरलं. तो पुस्तकाकडे पाहीना, माझ्याकडे पाहत राहिला.

बाकीच्यांना घरी ठेवायची परवानगी मिळाली. त्याला तेवढं त्या आठवड्यात नेलं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत त्याची गुणगुण ऐकू येत होती. घाबरला की जास्तच जोरात गुणगुणायचा.

मला पहिला संशय तिथेच आला होता. पण दुसऱ्या दिवशी तू धावत आलीस. मला जवळ घेतलंस, पाठीवर हात फिरवलास आणि म्हणालीस, "कोणाचं काळीज होतं गं असं करायला?" मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. संशय आला म्हणून स्वतःलाच दोष दिला, की मी किती हलक्या मनाची. तुझ्या साडीचा पदर ओला झाला तर तू म्हणालीस, राहू दे, वाळेल.

तेच वाक्य मागच्या पत्रात मी तुला परत पाठवलं. तुझ्या लक्षात आलं का?

तो सुट्टीत परत आला. अंगाने बरा होता, गालांवर थोडं मांसही आलं होतं. तिथल्या गुरुजींनी त्याला रोज पुस्तक देऊन वर्गापुढे उभं केलं. वाचता येईपर्यंत बसायचं नाही. तो उभाच राहायचा. मुलं त्याला 'खांब' म्हणायची. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, जुळ्यांना सांगितलं, आणि त्यांना शपथ घातली. त्या दोघी रात्रभर कुजबुजत राहिल्या आणि सकाळी मला सांगून मोकळ्या झाल्या. त्याला परत पाठवायचं नाही म्हणून यांनी कचेरीच्या इतक्या खेपा घातल्या की चपला झिजल्या. शेवटी साहेबच कंटाळले.

तेव्हापासून घरात तो कुठे आहे ते कळत नाही. आधी न बघता कळायचं. वाफ्यात आहे, माळ्यावर आहे, आवाजावरून. आता मी हाका मारत फिरते, आणि तो माझ्या मागेच उभा असतो.

तुझी लेक आली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लसणाच्या वेण्या घालत होतो. ती म्हणाली, "मावशी, मला तुझ्याकडे राहायचं आहे, पण आधी एक सांगायचंय. ते ऐकून तू मला हाकललंस तरी चालेल."

मी म्हटलं, "सांग."

"गुणगुण्याची तक्रार आईने केली. मी जिन्यात होते, ती फोनवर बोलत होती. 'माझं नाव यायला नको,' म्हणाली. 'माझ्याच बहिणीची मुलं शाळेत जात नाहीत, मला शिक्षण समितीवर कोण घेईल?' असंही म्हणाली. मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. तिला घाबरले."

मी वेणी पुरी केली. ती खिळ्याला टांगली. मग तिला विचारलं, "आणि तू का आलीस घर सोडून?"

जुळ्यांनी तिला 'खांबा'चं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला तर लहानपणापासून रोजच उभं केलंय, मावशी. फक्त वर्ग नव्हता समोर."

ताई, मी तिला हाकललं नाही. पोटाशी धरलं, आणि धरताना मनात म्हटलं, आता ही माझी. तुझ्या पोटची पोर माझ्या घरात हसते, जेवते, गाढ झोपते, आणि तू दारं ठोठावत हिंडतेस, या विचाराने मी महिनाभर जगले. सकाळी उठल्यावर आधी तेच आठवायचं. फार वाईट बाई आहे मी, असं तुला म्हणायचं असेल तर म्हण. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

ती डॉक्टर होणार नाही. तसं तिने मला सांगितलंय, तुला ती स्वतः सांगेल. सध्या थोरलीच्या हाताखाली शेळ्या बघते आणि तिच्याकडून बोलणी खाते. काल रात्री जेवताना म्हणाली, "मावशी, आता आईला कळव. ती आली तर मी भेटेन. तिच्याबरोबर जाणार नाही, पण भेटेन." म्हणून हे पत्र. माझ्या दयेने लिहिलंय असं समजू नकोस. माझं चाललं असतं तर अजून महिनाभर लिहिलं नसतं.

तेव्हा ये. पण कसं यायचं ते मी सांगणार.

रविवारी ये, सगळे घरी असतात. टेबलापाशी जिथे साहेब बसले होते तिथेच तुला बसवणार आहे. आधी लेकीला भेटायचं नाही. आधी सगळ्यांसमोर गुणगुण्याला सांगायचं, की 'तुझं गुपित साहेबांना मी सांगितलं.' तुझ्या तोंडाने सांगायचं. 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द तेवढे माझ्या घरात उच्चारायचे नाहीत. ते म्हटलेस की फाटक तुला माहीत आहे. मग तो काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. काहीच म्हणाला नाही, नुसता बघत राहिला, तर तेही सहन करायचं. तो उठेपर्यंत तू उठायचं नाहीस.

त्याला मी सांगून ठेवलंय. त्याने न कळल्यासारखं विचारलं, "मावशीने? ती तर मला रंगीत पेन्सिली आणते."

मी म्हटलं, "हो. तीच."

तो उठला. मग आत जाऊन पेन्सिलींचा डबा घेऊन आला, सगळ्या नीट भरल्या, झाकण लावलं आणि डबा खिडकीत ठेवला. "ती आली की देऊन टाकतो," म्हणाला. मी त्याला 'नको रे' म्हणायला हवं होतं का? यांचं तसं म्हणणं आहे. मी म्हटलं नाही. तो डबा तुझ्या हातात देईल तेव्हा तुझा चेहरा मला बघायचा आहे.

हे सगळं झालं की मग लेकीला भेट. वरच्या खोलीत बसा, हवा तेवढा वेळ. मी दाराशी उभी राहणार नाही. ऐकणार नाही. लपून ऐकणं आणि ऐकलेलं दुसरीकडे पोचवणं, हे माझ्याकडे चालत नाही.

दुधाची गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते. संध्याकाळच्या गाडीने तू जायचं आहेस. मुक्कामाची तयारी करून येऊ नकोस.

आणि ताई, येताना घरून जेवून ये.

छोटी