शनिवारचे रशियन पारायण

३० मार्च, गुढीपाडवा. सकाळी.
संकल्प सोडला. पुढच्या पाडव्यापर्यंत ती रशियन महाकादंबरी संपवायची. एकट्याने नव्हे, ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून. मराठी अनुवाद, दोन खंड, प्रत्येक खंड उशाला चालेल असा. इतकी वर्षे या पेपरचा जिल्हा वार्ताहर म्हणून कांदा-द्राक्षांच्या बातम्या दिल्या. संस्कृतचा एम.ए. गंजत पडला आहे, त्याला धार लावायची.
पद्धत पोथीची. दर शनिवारी चार वाजता, पाने लावायची गडबड सुरू होण्याआधी. मी वक्ता, बाकी श्रोते. पुस्तक लाल फडक्यात, ऑफिसातच. घरी नेऊन कोणी पुढचे वाचायचे नाही. आणि मुख्य नियम: वक्त्याने मध्येच आसन सोडायचे नाही. पारायण खंडित झाले की वास्तूला लागते म्हणतात. मी मानत नाही. पण खंडितही करणार नाही.
प्रतिभाला सांगितले. म्हणाली, अहो, पेपर सोळा पानांचा बारा पानांचा झालाय, नोकरीचं काय ते बघा आधी. शाळेत गणित शिकवते. आकड्यांपलीकडे जग आहे हे तिला कोण सांगणार?

५ एप्रिल
प्रारंभ. नारळ फोडला. उपस्थित: रूपाली (क्राइम), मयूर (पाने लावतो), मोतीराम (जाहिराती). निवासी संपादक ज्ञानेश केबिनमध्ये दार लावून फोनवर. त्याला मनाने उपस्थित धरले.
वाचन अडीच पाने. उरलेला वेळ नावांवर भाष्य. एका रशियन माणसाला तीन नावे, शिवाय आईने हाक मारायचे चौथे. मोतीराम म्हणाला, शास्त्रीबुवा, एवढी नावं सातबाऱ्यावरपण नसतात. तोडगा काढला. म्हातारा सरदार म्हणजे 'दिंडोरीचे काका', त्याची विधवा बहीण 'नामपूरची आत्या'. सर्वानुमते मंजूर. आता वेग येईल. दसऱ्यापर्यंत पहिला खंड.

१९ एप्रिल
काकांकडे मेजवानी. सूप वाढले.
ऑफिसचा एसी बंद. ज्ञानेश म्हणतो, दुरुस्तीला वरून मंजुरी येत नाही. एका अर्थी बरे झाले, घरघरीत माझा आवाज पोचत नव्हता. मयूर वहीने वारा घेत बसला होता, म्हणून त्याच्यासाठी बर्फाचे वर्णन पुन्हा वाचले. म्हणाला, सर, ऐकून गार वाटत नाही हो.

१७ मे
मोतीराम गेला. म्हणजे नोकरी सोडली. नाशिक रोडला मेहुण्याचे फ्लेक्सचे दुकान आहे, तिथे बसणार. पाया पडला, म्हणाला, बुवा, जाहिरातच येत नाही तर जाहिरातवाल्यानं काय करायचं? तुम्हीपण बघा कुठं काही.
मला कारण कळले. नावे झेपली नाहीत. सरळ सांगायची लाज वाटली असेल.
मेजवानी चालू.

२१ जून
छपाई आता दुसऱ्या शहरात. पाने दुपारीच पाठवावी लागतात, म्हणून पारायण अकरा वाजता. सकाळची वेळ अध्ययनाला उत्तमच. पेपर आठ पानांवर आला आहे. बातम्या चार ओळींत द्या म्हणतात. संस्कृतात सूत्रवाङ्मय असेच जन्मले असणार.
प्रतिभाने विचारले, ऑफिसात काही बोलतात का? म्हणालो, बोलतात की, कादंबरीवर.

१२ जुलै
वाचन चालू असताना दोन अनोळखी माणसे टेप घेऊन आली. भिंती मोजल्या. माझ्या डोक्यावरूनही टेप गेली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, फ्रिजच्या दोन ओळी आरामात बसतील. वार्ताहराचा कान, अशी बातमी सुटत नाही. ऑफिसला फ्रिज येत आहे. दोन ओळी जरा जास्त वाटतात, पण उन्हाळ्यातल्या ताकाची सोय होईल.
रूपाली माझ्याकडे बघत होती. मी विचारले, काय झाले? म्हणाली, काही नाही सर, वाचा तुम्ही. तिचा आवाज बसला होता. उताराच तसा होता. नामपूरच्या आत्याला मेजवानीत कोणी बोलावलेच नव्हते.

२३ ऑगस्ट
पाने लावायचे काम मुख्य ऑफिसात गेले. मयूर मोकळा झाला. आपल्या कपाटातून टॉवेल, छत्री आणि देवीचा फोटो काढला, पिशवीत घातला आणि दारापासून परत आला. म्हणाला, सर, त्या काकांचं पुढं काय होतं तेवढं सांगून टाका, आता मला कोण सांगणार? मी म्हणालो, रहस्य फोडणार नाही.
नियमाप्रमाणे मीही पुढचे वाचलेले नाही. ते बोललो नाही.
श्रोते: एक. परंपरेत गुरूसमोर एकच शिष्य असतो, ती आदर्श स्थिती.

६ सप्टेंबर
अखेर कथा हलली. शत्रू गावाच्या वेशीजवळ आल्याची खबर घेऊन स्वार येतो, आणि काका त्याला विचारतात, जेवलास का? मी इतका हसलो की चष्मा काढावा लागला. काय बेसावध माणसे! रूपाली हसली नाही. विनोद समजायला थोडे वय लागते.

१३ सप्टेंबर
रूपाली वाचनाला बसलीच नाही. खाली टपरीवर चहाला चला म्हणाली. तिथे सांगितले: पुण्याचे एक न्यूज पोर्टल नाशिकला ब्युरो उघडत आहे, ती तिकडे जाते आहे, शेतीच्या बातम्यांना माणूस हवा आहे आणि तिने माझे नाव दिले आहे. म्हणाली, सर, सोमवारी त्यांचा फोन येईल, नुसतं हो म्हणा, बाकी मी बघते.
मी तिला समजावले की वक्ता आसन सोडत नसतो. पाडव्यानंतर विचार करू.
म्हणाली, सर, पाडव्याला हे ऑफिस तरी असेल का?
मी हसलो. ती म्हणाली, हसू नका ना सर. चहावाल्याने वळून बघितले.
प्रतिभाला यातले काही सांगितले नाही. ती लगेच हो म्हणायला लावेल. सोमवारी मी फोन सायलेंटवर ठेवणार आहे. चिंतनासाठी.

४ ऑक्टोबर
श्रोते: शून्य.
रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचले. सुरुवातीला आवाज घुमत होता, तो मग आवडू लागला. आता थांबलो तर... मानत नाही मी. पण मयूर गेला त्या दिवशी मी भाष्य लांबवून एक पान कमी वाचले होते. रूपालीने राजीनामा दिला त्या शनिवारी वाचनच झाले नाही. योगायोग. तरी आज दार लावून, मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचले.
मध्येच ज्ञानेशने दार उघडले. बघितले. लावून घेतले.

१४ ऑक्टोबर
दिंडोरीला द्राक्षछाटणीची बातमी. गेणू, माझा जुना बागायतदार, बांधावर पेपर वाचत होता. म्हणाला, सायेब, तुमचा पेपर लय बारीक झाला. यंदा उन्हापासनं घड झाकायला दुसरा बघावा लागल. सगळे हसले. मीही.
परतताना रस्ता सगळीकडे खोदलेला, एसटी तासभर उभी. तेवढ्यात उलगडा झाला. ऑफिसात जे चालले आहे ती छाटणी आहे. काड्या छाटल्या की बाग जोमाने फुटते. मोतीराम, मयूर, रूपाली म्हणजे काड्या. मी खोड. हे कोणाला तरी सांगावेसे वाटले. शेजारच्या सीटवरचा माणूस झोपला होता, त्याला सांगितले.

१ नोव्हेंबर
मोठे टेबल आणि खुर्च्या टेम्पोतून गेल्या. हमालाने लाल फडके उचलून खिडकीत ठेवले, तेही डाव्या हाताने. त्याला दोन शब्द सुनावले. म्हणाला, बाबा, त्या खुर्चीवरनं उठा आता, तेवढीच ऱ्हायली.
उठलो. पोथी तशीही जमिनीवर बसूनच वाचतात.

३ नोव्हेंबर
रूपालीला सहज फोन केला. हवापाण्याचे बोललो. मग, तेही सहजच, पोर्टलमधल्या त्या जागेचे विचारले.  ती म्हणाली, सर, तीन आठवडे थांबवली होती मी तुमच्यासाठी. ते रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे, सर येतील. तुम्ही फोनच उचलला नाहीत. दसऱ्याला भरली हो जागा.
मी म्हणालो, छे, माझा प्रश्न वेगळाच होता, पुढचा अध्याय फोनवर ऐकणार का? ती हो म्हणाली. एक पान ऐकले तिने. नाक ओढल्याचा आवाज येत होता. नाशिकची हवा बदलली आहे, सर्दी सगळ्यांनाच आहे.

२२ नोव्हेंबर
वीज नव्हती. बिल भरायचे राहिले असेल. खिडकीत बसून वाचले. समोरच्या भिंतीवर कोणीतरी खडूने खुणा करून ठेवल्या आहेत, प्रत्येक खुणेखाली प्लगचे चित्र. वाचताना नजर तिकडे जाते. पाठ फिरवून बसलो. पाठीला जाणवत राहते.
प्रतिभा हल्ली काही विचारत नाही. रात्री पाणी ठेवते, दिवा मालवते. पूर्वीची टोचणी बरी होती.

२९ नोव्हेंबर
आज ज्ञानेश वाचनाला आला! पहिल्यांदाच. बूट काढून समोर मांडी घालून बसला. मी फुललोच. आधीची कथा थोडक्यात सांगितली: काकांकडे मेजवानी आहे, शत्रू वेशीवर आहे. तो म्हणाला, आठ महिन्यांत एवढंच झालं? मी म्हणालो, भाष्यासह वाचतो आहे.
पूर्ण पाच पाने ऐकली त्याने. मग स्वतःच पुस्तक मिटले, फडक्यात बांधले आणि माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाला, शास्त्री, घरी न्या आता. उद्याचा अंक शेवटचा. मी एप्रिलपासून सांगायचा प्रयत्न करत होतो. केबिनमध्ये बोलावलं की तुम्ही पुस्तक घेऊन यायचात.
मग म्हणाला, नामपूरला कांद्याचे लिलाव बंद पडणार, हे तुम्ही व्यापाऱ्यांच्या आधी छापलं होतंत. इथलं खरंच दिसलं नाही तुम्हाला?
मी म्हणालो, अध्याय संपायला थोडाच राहिला आहे, तेवढा वाचून घेऊ. त्याने मान डोलावली. मी गाठ सोडली. पण पान सापडेना. खूण कुठेतरी पडली होती. तो म्हणाला, कुठूनही वाचा. मी कुठूनतरी वाचले. ती माणसे कोण, मला माहीत नव्हते. त्यालाही नव्हते. दोघेही ऐकत राहिलो.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळ.
नेहमीच्या वेळी उठलो. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. स्वयंपाकघरात आलो तर ओट्यावर डबा एकच भरलेला होता, प्रतिभाचा. म्हणजे तिला माहीत होते. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.
ठरवून ठेवले होते तसे म्हणालो, वाचनासाठी रजा घेतली आहे. किती दिवसांची, असे ती विचारील वाटले, त्याचेही उत्तर तयार होते. तिने विचारले नाही. चपला घातल्या, पर्स घेतली. दारात थांबून म्हणाली, अहो, सावकाश वाचा. फक्त तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा.
दोन झाल्या आहेत.