पुसलेला ठिपका

१२ नोव्हेंबर
आलो एकदाचे एकोडीत! नवऱ्याची, कैलाशची, बदली साकोलीच्या बँकेत झाली आणि तुलारामजींच्या घराची माडी आम्हाला मिळाली. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, कापणी जोरात आहे. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे जिथे नेट तिथे गुंजन. घरमालकीण रुखमाबाईंनी विचारलं, करता काय? सांगितलं की अवकाशात एक दुर्बीण आहे, ती ताऱ्यासमोर काळी चकती धरते, म्हणजे त्याच्या झगमगाटात हरवलेला शेजारचा ग्रह दिसतो, आणि ते फोटो मी साफ करते. त्या म्हणाल्या, "म्हंजे उन्हाले हाताची आड करून बांधीतले बगळे पायतो, तसंच ना?" अगदी तसंच. जेवायला वांग्याची भाजी आणि भात. झक्क.

१५ नोव्हेंबर
नेट म्हणजे डोक्याला ताप. एक फोटो उतरेपर्यंत स्वयंपाक होतो. पण आज चकतीच्या कडेला एक ठिपका दिसला! दुर्बीण फिरवली की आरशातले खोटे डाग तिच्याबरोबर फिरतात, खरा ग्रह जागचा हलत नाही. हा हलला नाही. मी खोलीत नाचले.

१८ नोव्हेंबर
पुण्याहून वीरेंद्र सरांचा फोन. म्हणे डागच आहे, पुसून टाक. साफ फोटो गेला नाही तर करार वाढणार नाही. तासभर भांडले, पालथ्या घड्यावर पाणी. कैलाश म्हणाला, एका ठिपक्यासाठी कायले भांडून राहिली? त्याचाही राग आला. सगळ्यांचाच आला.

२१ नोव्हेंबर
पुसला. वैतागून, दात-ओठ खात. सरांनी अंगठा पाठवला.

२४ नोव्हेंबर
त्याच ताऱ्याचे नवे फोटो आले. यांना मी हातही लावलेला नाही. ठिपका नाही. जुन्या मूळ फोटोत आहे, नव्यात नाही. इतका दूरचा ग्रह नऊ दिवसांत दडत नसतो. सर म्हणाले, बघ, डागच होता. मला रडू आलं.
मी फक्त फोटोतून पुसला होता. फोटोतूनच ना?

२७ नोव्हेंबर
भर दुपारी रुखमाबाईंनी हाक मारून खाली बोलावलं. सूर्यावर काळं काहीतरी आहे. तुलारामजी म्हणाले, डोळ्याले अंधारी आली असंन. पंचांगात ग्रहण नाही. वेल्डिंगची काच लावून पाहिलं. गोल. मधोमध. सरकत नाही.

२८ नोव्हेंबर
गोल वाढलाय. दुपारची संध्याकाळ झाली, मजूर धान टाकून घरी पळाले. सर फोन उचलत नाहीत. या गोलाची कड मी ओळखते. इतके दिवस फोटोत हेच तर पाहत होते. ही चकती आहे. तिकडून कुणीतरी धरली आहे. त्यांना सूर्य पाहायचा नाही, शेजारचं पाहायचंय — आपल्याला.
भीती वाटते. पाहतील याची नाही —

नंतर
अंधार. कैलाश साकोलीहून निघालाय, पोचला नाही. खाली रुखमाबाई रडताहेत. तिकडेही कुणीतरी बसलं असेल, नेटला वैतागलेलं, साहेबाशी भांडून थकलेलं — पुसू नकोस गं. थोडं अजून भांड. हा डाग नाही, इथे माण