शिवणवर्गातील भागाबाईची जागा

सेलू, ४ जुलै १९५७

शिवणवर्गाचे सरकारी अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. पैकी एक माझ्या आडनावात. असो. निराधार मदतीवर जगणाऱ्या स्त्रियांना आठ महिने शिवण शिकवायचे, तोवर विद्यावेतन द्यायचे आणि पुढे वर्ध्याच्या एका रुग्णालयात चादरी व झगे शिवण्याच्या कामावर लावायचे, अशी योजना. वर्गाच्या प्रमाणपत्राविना तेथे प्रवेश नाही.

भागाबाईला वृत्त सांगितले. विधवा, पदरी एक मुलगा, दरमहा चावडीपुढे उभी राहून आमच्या समितीची मदत घेते. म्हणाली, "एकदाची थे रांग सुटू द्या गुरुजी. हात लांबवू लांबवू खांदा उतरला माह्या."

१५ जुलै

वर्ग सुरू. भागाबाईची काजे वाकडी होतात. उसवायला सांगितले की शिक्षिकेशी वाद. मला हा स्वभाव मानवत नाही.

२ ऑगस्ट

तपासणीस साहेब आले. त्यांचे म्हणणे, अनुदान केवळ हरिजन स्त्रियांसाठी आहे; बौद्ध झालेल्या त्यात येत नाहीत. भागाबाईने गेल्या दसऱ्याला नागपुरास जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पटावर मी तसे लिहिले होते, कारण ते तसे आहे. साहेब म्हणाले, "जुनी जात लिहून टाका अन् मामला खतम करा गुरुजी. कोण पाहून राह्यलं?"

दीक्षेने तिचे दारिद्र्य गेले काय, असे मी विचारले. साहेबांनी चहाचे कौतुक केले.

वर्गातील रखमानेही दीक्षा घेतली आहे. तिने जुने लिहू दिले. तिला तीन लेकरे आहेत. तिला दोष देववत नाही.

३ ऑगस्ट

भागाबाईला समजावले. एक शब्द, आठ महिने, नंतर कायमचे काम. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माह्या पोराले एका वेलांटीपायी तुमी बाकावर उभं केलं होतं. अन् मले म्हन्ता, खोटं लिवू द्या?"

मी म्हणालो, वेलांटीने कोणी उपाशी मरत नाही.

"उपाशी तं मी पह्यलेही होती गुरुजी. थे जात सोडाले नागपूरले पायी गेलती मी."

नाव कमी करावे लागले. स्वहस्ते केले.

२० ऑगस्ट

यंत्रे अनुदानाची, वर्गाबाहेरचा ओटा समितीचा. भागाबाई ओट्यावर बसून हाताने शिवते. कोणीही बोलाविले नव्हते. शिक्षिका शिकवते ते खिडकीतून ऐकते. रखमा आतून हाक मारते, "भागे, तुही बाही होयेवरी लेकराचा हात लांब होईन." आत हशा. हिचे उत्तर, "तुही मशिन सरकारची हाय, जपून चालव. वापस मांगतीन."

हसणे वर्गाच्या शिस्तीला धरून नव्हते. खिडकी मात्र उघडी राहू दिली.

१९ सप्टेंबर

अपवाद करावा म्हणून नागपूरला पाठविलेला अर्ज परत आला. शेरा: राज्य बदलले, प्रकरण आता मुंबईकडे. मुंबईचे उत्तर: मूळ कागद नागपूरहून मागवावेत. दोन्हीकडे 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द आहेत. योग्य कोणती, ते लिहिण्यास कोणाची लेखणी धजत नाही. चाळीस वर्षे शिक्षकी केली; असे निबंध मी तपासून टाकून देत असे.

१३ ऑक्टोबर, रविवार

प्रमाणपत्राचे पुढे पाहता येईल; पण हाताच्या शिवणीवर रुग्णालय घेणार नाही. यंत्र चालविता येणे अवश्य. आज सुट्टी. किल्ली माझ्याजवळ असते. भागाबाईला बोलाविले, कुलूप काढले, दाराशी खुर्ची टाकून बसलो. पहिल्या तासात दोरा अनेकदा तोडला. यंत्राला शिव्या दिल्या. त्यांतील काही मला नव्या होत्या.

दर रविवारी यावे, असे सांगितले.

२८ ऑक्टोबर

कोषाध्यक्ष नारायणराव (कापडाचे दुकान) यांच्या कानी गेले. दुकानावरच अडविले. "तुमच्या एका बाईपायी अनुदान गेलं तं साऱ्या बाया घरी बसतीन. तिले पुन्हा रांगेत उभी करा. मदत तं चालूच हाय न तिची?"

चालू आहे. घरी बसून राहण्यास पैसे मिळतात; काम शिकण्यास मिळत नाहीत. हे मी त्यांना क्रमाने सांगितले. ते गिऱ्हाईकाला धोतर दाखवू लागले.

७ नोव्हेंबर

अनुदानाचा दुसरा हप्ता येण्यापूर्वी समितीचा चिटणीस म्हणून मी लिहून द्यायचे: 'यंत्रे केवळ पात्र स्त्रियांनीच वापरली.' मुदत सोमवारपर्यंत. विद्यावेतनाविना दिवाळी कोरडी गेली, म्हणून रखमा रोज विचारते. नारायणराव म्हणतात, सही करा, त्यात काय आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

भागाबाई आत शिवते आहे. काज अजून वाकडे. शिवण मात्र सरळ जाऊ लागली.

तिला कागदाविषयी सांगितले. यंत्र थांबले.

"सही केली तं?"

खोटे होईल, म्हणालो.

"अन् नाई केली तं रखमीचे पैसे जातीन."

होय.

 मग कापड आवरू लागली. "मी ओट्यावर जातो. मी आत आलतीच नाई, असं समजा."

ती आली होती. पाच रविवार. कुलूप मी काढले होते.

म्हणालो, झगा अर्धा ठेवून उठू नये. ती बसली. यंत्र पुन्हा सुरू झाले आहे. टपाल उद्या सकाळी निघते; सहीसाठी टाक दोनदा बुडविला, दोन्ही वेळा शाई टाकावरच वाळली.