अकरा पाकिटं

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहून गेलं. खोडणार होते, पण कागद चांगला आहे म्हणून राहू दिलं. रविवारी मी वाढलेलं ताट तसंच टाकून तुझ्या घरातून तरातरा का निघाले, हे वहिनीने तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर माझ्याकडून ऐक. जेवायच्या आधी ती म्हणाली, आतल्या कपाटातून धुतलेली चादर आण. मी गेले. चादरींच्या खाली माझी पाकिटं होती. खाकी, लाल दोऱ्याने बांधलेली, वर माझ्याच अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. अकरा. दोनदा मोजली. आणि एकाचीही गाठ सोडलेली नव्हती.

आधी मला काही कळेचना. ही माणसं माझ्या स्टुडिओत येऊन बसली, मी त्यांचे फोटो काढले, पाकीट हातात दिलं, जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्यांचे फोटो तुझ्या कपाटात काय करतायत? मग एकेक नाव वाचत गेले आणि माझी ट्यूब पेटली. रंगारी. नळवाला. सुतार आणि त्याची बायको. सगळे तुझ्या हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणि रंग नेणारे. तूच पाठवलेस. माझी फीसुद्धा तूच त्यांच्या हातात कोंबली असशील. आणि मी मूर्ख! त्यांच्या नखांतला रंग बघून मला वाटायचं, वा, कष्टाची माणसं आपल्याकडे येतात, म्हणजे आपल्या कामात काहीतरी असणार. वहिनीला जाब विचारला तर म्हणते, "त्यांचा हेतू वाईट नव्हता गं." तो हेतू घेऊन मी काय चाटू?

तू तरी असं करायला नको होतंस, कारण माझी भीती तुझ्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. एकोणीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे सांभाळले आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडले. झाडं, भिंती, पाठमोरी माणसं. पाठमोरीच, कारण परक्या माणसाला 'इकडे बघा' म्हणायची माझी छाती होत नव्हती. चष्म्याच्या दुकानावरची ती खोली घेतली, शनिवार-रविवार स्टुडिओ उघडायचं ठरलं, तेव्हा पहिल्या शनिवारी मी दार अर्धं लावून बसले होते. मनात एकच, कोणी येऊ नये. तर हा रंगारी हजर! माझ्या हातांना असा घाम सुटला की कॅमेरा निसटायचाच बाकी होता. वीस फोटो काढले आणि मग बघते तर आत कार्डच नाही. त्याला पुन्हा स्टुलावर बसवलं. तो हूं की चूं न करता बसला. मला वाटलं, काय देवमाणूस आहे! देवमाणूस कसला, तू धाडलेला तो, बसेल नाहीतर काय करेल?

पण दादा, सहाव्या गिऱ्हाइकापर्यंत माझा आवाज सुटला रे. नवव्याला तर मी दरडावून सांगितलं, अहो, हनुवटी खाली आणि डोळे माझ्याकडे, भिंतीवर काय आहे? त्या दिवशी घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. बारावं झालं आणि मी नोकरीचा राजीनामा दिला. पहिल्यांदा तुला सांगायला आले. तू घसा खाकरलास आणि म्हणालास, नीट विचार कर. बास, एवढंच! तुझ्या बारा सोंगाड्यांच्या जिवावर मी एकोणीस वर्षांची नोकरी सोडतेय हे तुला दिसत होतं, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ? माझ्या टेबलावर दुसरी बाई बसतेय.

लहानपणीही हेच केलंस. कॅरममध्ये रोज मुद्दाम हरायचास. मला वाटायचं, आपण म्हणजे कोण! शाळेच्या स्पर्धेत नाव दिलं आणि पहिल्याच फेरीत एका दोन वेण्यांच्या पोरीने माझा धुव्वा उडवला. मी रडत घरी आले तर तू म्हणालास, तिने लबाडी केली असेल. लबाडी कोणाची होती रे? तुला वाटतं, तू मला जपतोस. जपणं वेगळं आणि भरवसा नसणं वेगळं. मी खरोखर जिंकू शकेन असं तुला आयुष्यात एकदाही वाटलेलं नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर एका कपाटात कळलं. बरं, माणसं पाठवलीस तेही एक वेळ सोडून देते. पण एकदा, फक्त एकदा, एखाद्या पाकिटाची गाठ सोडून बघावंसं नाही वाटलं तुला? बहिणीने काय काढलंय एवढं तरी? अकरा वेळा ते पाकीट तुझ्या हातात आलं आणि अकरा वेळा तू ते चादरीखाली सरकवलंस. मला याचाच राग आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही.

गिऱ्हाइकं बारा आणि पाकिटं अकरा. सोमवारी वही काढून नावं ताडली. लिफ्टवाल्या मिस्त्रीचं पाकीट नव्हतं. तडक त्याच्या वर्कशॉपवर गेले. तो ग्रीसचे हात पुसत बाहेर आला, आधी "छे हो, दादांचा काय संबंध" वगैरे करून बघितलं, मग माझा चेहरा बघून तो नाद सोडला. म्हटलं, बाकीच्यांनी परत दिली, तुमचं कुठाय? तर ओशाळून म्हणाला, "दादांना द्यायचं होतं हो, पण जाता जाता सहज उघडलं. माझ्या सगळ्या फोटोंत मी पकडून आणल्यासारखा दिसतो. त्या एकात बरा माणूस दिसतो. मग नाही दिला." मी त्याचे धड आभारसुद्धा मानले नाहीत. वर्कशॉपचा जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले. रागाने रडले, तू उगाच भलता अर्थ काढशील म्हणून सांगते.

आता पत्र कशाला, ते ऐक. काल एका नर्सिंग कॉलेजच्या मुख्य बाईंचा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या नव्वद मुली, प्रत्येकीचा वेगळा फोटो, उद्या गुरुवारी सकाळी नऊला, त्यांच्या हॉलमध्ये. नाव कोणी सुचवलं विचारलं तर म्हणाल्या, कोणीतरी ओळखीच्यांनी. त्या इमारतीला लिफ्ट आहे. कुलपं आणि कड्याही असतीलच, आणि त्या तुझ्या दुकानातल्या असू शकतात. कालपासून चारदा फोन उचलला, तुला एवढंच विचारायला, की या बाईही तूच पाठवल्यास का? चारदा खाली ठेवला. तू हो म्हणालास तर माझा पाय उचलणार नाही. नाही म्हणालास तर भीतीने उचलणार नाही, कारण मग त्या खऱ्या, आणि खऱ्या परक्या माणसांपुढे मी अजून एकदाही उभी राहिलेली नाही. आत्तासुद्धा हे लिहिताना हात ओला झालाय, दोन अक्षरं पसरलीत, बघ. म्हणून फोन न करता पत्र टाकतेय. पोस्टाला तीन दिवस लागतात. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा त्या नव्वदजणींना मी माझ्याकडे बघायला लावलेलं असेल. मग तुला काय सांगायचं ते सांग.

तुझीच,
बारकी