डोळ्यांतला पांढरा

३ नोव्हेंबर १९८६
वाचनालयाच्या हॉलमध्ये नवं तैलचित्र लागलंय. खुर्चीत बसलेली घरंदाज बाई, जांभळं लुगडं, कानांत कुड्या, हात मांडीवर. हुबेहूब! रविवारी रसग्रहणाचं भाषण मीच करणार. रत्नागिरीत चित्र बघता येणारा दुसरा आहे कोण? उद्यापासून रोज तासभर निरीक्षण.

५ नोव्हेंबर
बाईच्या डोळ्यांतला पांढरा नुसता पांढरा नाही. निळसर, करडा, किंचित गुलाबी. एकाही ड्रॉइंग मास्तरला हे दिसलेलं नाही. घरी तुलनेसाठी सौ.चे डोळे पाहिले. पिवळे. बल्ब फारच मंद आहे.

६ नोव्हेंबर
शंभरचा बल्ब लावला. तरी पिवळेच. भिंतींना पिवडीचा पिवळा रंग काढलाय, त्याचं रिफ्लेक्शन. सामान्य माणूस उगाच घाबरला असता.

९ नोव्हेंबर
भाषण पुढच्या रविवारवर गेलं. बरंच झालं, ओठ अजून अभ्यासायचे आहेत.
सौ. जेवली नाही. म्हणाली, मला एकदा दाखवायला न्या हो. ऐकून भरून आलं! बावीस वर्षांच्या संसारात आज रसिकता उगवली. म्हटलं, भाषणालाच नेतो.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या मथुरावहिनीही म्हणाल्या, हिला लवकर दाखवा. चित्राचा बोलबाला आळीत पोचला तर! सौ.ने विचारलं, आजच नाही का जमणार? म्हटलं, कलेत घाई नको. कूस बदलून पडून राहिली. वाट बघण्यातही गोडी असते.

१६ नोव्हेंबर
भाषण झालं. टाळ्या बेताच्या.
सौ. रिक्षातून उतरली ती वाचनालयाच्या पायरीवरच बसली. मथुरावहिनींनी धरून आत आणलं. सोबत पिशवी घेतली होतीन. आत लुगडं, टॉवेल, तांब्याभांडं. बायकांना कुठे काय न्यावं कळत नाही. चित्राकडे बराच वेळ बघत होती. कसं वाटलं, विचारलं. म्हणाली, मला वाटलं, डॉक्टरकडे आणलंत.
वहिनी सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलल्या. मराठी भाषाच संदिग्ध आहे, त्याला मी काय करू?

१८ नोव्हेंबर
इस्पितळ. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे? मी बल्बचं आणि पिवडीचं सांगितलं. ते सौ.कडे वळले. सौ. म्हणाली, गणपतीपासून. मग नवऱ्याला कुणी स्पष्ट सांगायला नको?
मुंबईला नेतो म्हटलं. लिव्हर पार गेलंय, आता न्यायची वेळ गेली, म्हणाले.

२० नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, जवळ बसा. सकाळपासून बसलोय.
सुनंदा डोळे उघडत नाही.