सरकी निवडणारे डोळे

माय, काल एका किड्याची शेपटी पाहता पाहता मला तुझी बोटं आठवली. तू समुद्र पाहिला नाहीस, म्हणून आधी ते सांगतो. इथे मुंबईला होड्यांच्या बुडाला आणि किनाऱ्यावरच्या खडकांना एक जनावर चिकटून राहतं, पाणी भरलेल्या कातडी पिशवीसारखं. दाबलं की चिळकांडी उडते. त्याच्या आत राळ्याच्या दाण्याएवढे किडे राहतात, आयतं खातात. ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे मी सध्या टिकून आहे, ते हे किडे जमवतात. मी पिशवी चिरतो, सुईनं किडे काढतो आणि अर्काच्या, म्हणजे जाळ दारूच्या, बाटलीत टाकतो. अर्कात गेला की कोणताही किडा पांढराफटक. होडीच्या पिशवीतला आणि खडकाच्या पिशवीतला, दोघं जुळ्या भावांसारखे. पण डॉक्टर म्हणतात, जाती दोन आहेत. अंगाच्या रंगरूपावर जाऊ नको, भिंगातून शेपटीचं टोक बघ. एकाच्या टोकाला आखूड आकडे, दुसऱ्याच्या टोकाला लांब बारीक केस.

तू हेच सांगायचीस. अकोल्याच्या वाटेवरचं आपलं अंगण, पुढ्यात सूप, आणि तू एकेका बोंडातला कापूस चिमटीत ओढून पाहतेस. "बोंडाच्या रूपावर जाऊ नोको. तंतू वढून पाह्य." लांब, मऊ सुटला तर बनी, आखूड तुटला तर जरी. मग दोन्हींची सरकी वेगळी काढायची, शेणमातीत चोळायची आणि दोन फडक्यांवर वाळवायची. शेण लागलं की तुलाही फरक कळत नसे, म्हणून फडकी वेगळी. गावातल्या पाच-सहा घरच्या बाया बियाणं तुझ्याकडूनच न्यायच्या.

त्या वर्षी दूर कुठे लढाई लागली होती आणि कापसाच्या गाड्यांना अंत नव्हता. तू मला फडक्यांपाशी बसवून वावरात गेलीस. मी सोळा वर्षांचा घोडा, राखण करायला काही अवघड नव्हतं. पण वाटेनं अमरावतीचा तांडा निघाला, पुढच्या बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं. मी बांधापर्यंत गेलो, मग पुलापर्यंत. परत आलो तर वावटळीनं दोन्ही फडक्यांचा एक ढीग करून टाकला होता. मी ढिगाचे अदमासे दोन भाग केले, फडकी सारखी केली आणि बसलो. तू येऊन विचारलंस, "हाललास तर नाही?" मी म्हणालो, "कुठी जाईन?"

हिवाळ्यात अकोल्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं आपला कापूस ओढून पाहिला आणि हात झटकला. "बाई, हे बनी नोय. खिचडी हाय." त्या पाच-सहा घरांचंही तेच झालं. कोणी भांडलं नाही. एक काकू मात्र विहिरीवर म्हणाली, "इच्यावर इस्वास ठेवला म्हनून." घरी येऊन तू सूप आत्याला देऊन टाकलंस. "माहे डोये गेले आता. दुसऱ्याचं वाटोयं काहून करू?" मी भाकर खात होतो. खातच राहिलो. पुढल्या वर्षी तापानं गेलीस, तोवर सरकीला हात लावला नाहीस.

परवा डॉक्टरांनी खडकाची म्हणून बाटली उघडली, तर आत दोन्ही तऱ्हेच्या शेपट्या. दिवसभर पाहत बसले, मग भिंग खाली ठेवलं. "माझी नजर गेली रे. जात एकच असेल, मीच भेद पाहत होतो. दोन जाती म्हणून लिहिलेलं फाडावं म्हणतो." मी दारात उभा होतो. होडीच्या किड्यांची बाटली माझ्या हातून कलंडली होती आणि तिच्यातले किडे मी खडकाच्या बाटलीत ओतून ठेवले होते. जिभेवर तेव्हासारखंच आलं होतं, मी कुठं काय केलं. पण तोंडातून निघालं, "नजर बरोबर हाय जी तुमची. मीच मिसळले."

त्यांनी भिंग उचलून माझ्यापुढे सरकवलं. "मग निवड आता," एवढंच म्हणाले. काल सकाळपासून निवडतोय. किड्यांचं बरं आहे, अर्कातही शेपटीचं टोक तसंच राहतं.

हा कागद कुठं धाडू? तू असतीस तरी दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला असता, आणि ते मला चाललं नसतं. म्हणून इथंच, बाटल्यांच्या फळीवर ठेवतो. माय, तुझे डोळे चांगले होते. मी पुलावर गेलो होतो.